बसचे निर्णय घेणाऱ्या टेबलावर बसने फिरणारा माणूस कसा बसवायचा: पायरी-पायरीने

सार्वजनिक वाहतुकीचं नियोजन करताना "लोकांना विश्वासात घेतलं" असं सगळेच म्हणतात. पेपरात जाहिरात दिली, एक सुनावणी ठेवली, हरकती-सूचना मागवल्या, आलेल्या कागदांचा गठ्ठा बांधला, झालं. आणि तरी रूट बंद होतो तो नेमका ज्यांचा आवाज त्या हॉलमध्ये नव्हता त्यांचाच. माझं म्हणणं अगदी साधं आहे, सुनावणीला किती डोकी आली यावरून प्रतिनिधित्व मोजूच नका, निर्णय खरा कुठे आणि कधी होतो आणि तिथे कोणाला मत आहे ते बघा. बहुतेक वेळा तो निर्णय सुनावणीच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो.

हे लिहिलंय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे बाहेरून धडपडणारे, प्रवासी संघटना, वस्तीतले गट, अपंगांच्या संस्था वगैरे. दुसरे म्हणजे आतले, ज्यांना मनापासून वाटतं की हे नीट व्हावं पण फाईलमध्ये ते कसं बसवायचं कळत नाही.

पायरी १: निर्णय नक्की कुठे होतो ते आधी शोधा

वाहतुकीचा कुठलाही मोठा निर्णय एका बैठकीत होत नाही, त्याची साखळी असते. आधी दीर्घ मुदतीचा आराखडा, साधारण वीसेक वर्षांचा. त्यातून पुढच्या काही वर्षांचा निधीचा कार्यक्रम. मग कन्सल्टंट नेमताना त्याला लिहून दिलेली कामाची व्याप्ती, मग पर्यायांना मार्क द्यायचे निकष, मग मसुदा, मग सुनावणी आणि सगळ्यात शेवटी वाहतूक संस्थेच्या बोर्डाचा, म्हणजे तिच्या कारभारी मंडळाचा, ठराव. लोकांना बोलावतात ते मसुद्यानंतर. पण खेळ संपतो तो व्याप्ती आणि निकष या दोन जागी!

कसं ते बघा. समजा निकषांमध्ये शंभरपैकी चाळीस मार्क "प्रवासाचा किती वेळ वाचला" याला आहेत. लांबून येणाऱ्या माणसाचे एका फेरीत पंधरा मिनिटं वाचू शकतात, पण जी बाई दोन-तीन किलोमीटर जाते, मध्ये उतरते, परत चढते, तिचे वाचून वाचून वाचणार किती, दोन मिनिटं? म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान मार्गाला मार्क आपोआप पडणार आणि जवळच्या फेऱ्या वाढवायचा पर्याय मागे राहणार. यात कुणी लबाडी केली असं नाही, पण ते चाळीस मार्क ठरवताना खोलीत कोण होतं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. थांब्यावर किती वेळ ताटकळावं लागतं यालाही मार्क ठेवले असते तर यादी कदाचित उलटी लागली असती.

म्हणून पहिलं काम कागद मिळवायचं. कामाची व्याप्ती, निकषांचं पान, निधीचा कार्यक्रम आणि बोर्डाच्या मागच्या वर्ष-दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं, एवढं बास. तुमच्याकडे माहिती मागण्याचा कायदा असेल तर त्याखाली लेखी अर्ज करा, तोंडी मागितलं की "देतो, बघतो" होतं. इतिवृत्तं वाचायला कंटाळवाणी असतात पण एक गोष्ट लगेच कळते, कुठल्या विषयावर चर्चा झाली आणि कुठला विषय "चर्चेअंती मंजूर" एवढ्या दोन शब्दांत गेला.

लवकर बोलावणं शक्यच नसतं असं कुणी म्हणालं तर फ्रान्सचं उदाहरण द्या. तिथे १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक चर्चेसाठी एक राष्ट्रीय आयोग तयार झाला आणि २००२ मध्ये त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला. मोठ्या प्रकल्पांची चर्चा "हा प्रकल्प मुळात हवा का" या टप्प्यावर होते, खांब कुठे रोवायचे यावर नाही.

पायरी २: टेबलाभोवती कोण बसलंय ते मोजा

यासाठी चार रकाने पुरतात: सदस्य कोण, त्याला कुणी पाठवलं, त्याला मत आहे की नुसता निमंत्रित, आणि तो किती लोकांच्या वतीने बोलतो. तिसरा रकाना भरताना खास लक्ष द्या कारण बऱ्याच ठिकाणी प्रवाशांचा प्रतिनिधी "विशेष निमंत्रित" असतो, म्हणजे चहा आहे, खुर्ची आहे, मत नाही.

आता चौथ्या रकान्याचा हिशोब. धरून चाला की एका प्रदेशात मधलं शहर दहा लाखांचं आहे आणि भोवती एकेक लाखाची पाच उपनगरं. बोर्डावर शहराला दोन जागा, प्रत्येक उपनगराला एक. एकूण सात मतं. शहरात दोन तृतीयांश माणसं राहतात पण मतं सातपैकी दोनच, म्हणजे तीस टक्क्यांच्याही खाली. एका लाखामागे शहराला ०.२ मत आणि उपनगराला १, सरळ पाचपट फरक. त्यात बसने फिरणारे बहुसंख्य लोक मधल्या शहरातच असतील तर प्रवाशाचं मत अजूनच पातळ होतं. हे गणित एका पानावर मांडून बोर्डाच्या प्रत्येक सदस्याला द्या, भाषणापेक्षा जास्त परिणाम होतो.

ही नुसती कल्पना नाही बरं का. अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्यापासून पन्नास हजारांवरच्या शहरी भागांना प्रादेशिक नियोजन बंधनकारक आहे, त्यातून ज्या प्रादेशिक संस्था उभ्या राहिल्या त्यांतल्या अनेकींमध्ये "एक गाव एक मत" अशीच पद्धत आहे. आणि २०१२ च्या कायद्याने दोन लाखांवरच्या भागांतल्या बोर्डांवर सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्यांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे अशी अट घातली, म्हणजे त्याआधी काही बोर्डांवर तोही नव्हता! भारताच्या राज्यघटनेत कलम २४३झेडई मध्ये महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत आणि नगरपालिका-पंचायतींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असावेत असं लिहिलंय, निदान तत्त्व म्हणून ते बरोबर आहे.

उपाय काय? लोकसंख्येनुसार वजन दिलेलं मत हा एक. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्रादेशिक संस्थेत २०१७ च्या राज्य कायद्यानंतर असं वजनदार मत निर्णायक ठरू शकतं. पण नुसतं लोकसंख्येवर सोडलं तर मोठं शहर बाकीच्यांना गिळतं, लहान गावांची शेवटची बस कुणीच वाचवत नाही. त्यामुळे माझा कौल दुहेरी बहुमताला: ठराव मंजूर व्हायला सदस्यांचंही बहुमत हवं आणि ते सदस्य ज्या लोकसंख्येचे आहेत तिचंही. घटना-नियम बदलायला वेळ लागतो हे मान्य, तोपर्यंत निदान प्रवासी प्रतिनिधींना मताचा अधिकार आणि अजेंड्यावर विषय टाकायचा अधिकार मागा. दुसरा अधिकार लोक विसरतात. विषयच आला नाही तर मत घेऊन काय करणार?

पायरी ३: आकड्यांमध्ये कोण दिसत नाही ते शोधा

नियोजनवाले शेवटी आकड्यांवर चालतात, आणि आकड्यात जो नाही तो त्यांच्या लेखी नाहीच. म्हणून ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, वेळ काढा हिच्यासाठी.

पहिला गोंधळ, सर्व्हे बसमध्येच करतात. बसमधल्या लोकांना विचारून बस न वापरणाऱ्यांचं, वापरणं सोडून दिलेल्यांचं किंवा चढताच न येणाऱ्यांचं कसं कळणार? "व्हीलचेअरवाले प्रवासी आमच्याकडे येतच नाहीत" हे वाक्य याच गोंधळातून येतं. अहो, पायऱ्या असलेल्या बसमध्ये ते येतील कसे? अमेरिकेत डेन्व्हर शहरात जुलै १९७८ मध्ये १९ अपंग कार्यकर्त्यांनी एका चौकात बसेस अडवून रात्रभर ठिय्या दिला तो याच मुद्द्यावर, लिफ्ट असलेल्या बस हव्यात म्हणून.

दुसरा गोंधळ प्रश्नाचा. "तुम्ही कामावर कसे जाता?" असं विचारलं की घर ते ऑफिस ते घर एवढंच उत्तर येतं. पण मुलाला शाळेत सोडून, सासूचं औषध घेऊन, तिथून कामाला, येताना बाजार, असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास त्या फॉर्ममध्ये मावत नाही. स्पेनच्या नगररचना अभ्यासक इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी अशा घरच्यांची काळजी घेण्यासाठी होणाऱ्या फेऱ्या वेगळ्या मोजायला शिकवलं, नाहीतर त्या "खरेदी", "वैयक्तिक", "इतर" अशा खणांत विखुरतात आणि कुठलाच खण मोठा दिसत नाही. व्हिएन्नात १९९९ च्या सर्व्हेतही तेच दिसलं, पुरुषांचं उत्तर बहुधा सकाळी एकदा संध्याकाळी एकदा, गाडीने किंवा ट्रेन-बसने, आणि बायकांचा दिवस म्हणजे पायी, बस, परत पायी असा कित्येक ठिकाणी थांबणारा.

तिसरा गोंधळ वेळेचा. मोजणी होते ती गर्दीच्या तासांत, कामाच्या दिवशी. हॉस्पिटलमध्ये झाडलोट करणारे, सिक्युरिटीवाले, हॉटेलच्या किचनमधले, यांची ये-जा पहाटे चारला नाहीतर रात्री बाराला.

मग स्वतः काय करायचं? एक दिवस ठरवा, दोन-तीन थांबे निवडा, आणि पहिल्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत पाळी लावून बसा. तासागणिक चार गोष्टी लिहा: किती लोक थांबले, किती जण गाडी भरलेली म्हणून चढू शकले नाहीत, किती जण वाट बघून दुसऱ्या वाहनाने किंवा पायी गेले, आणि बस ठरलेल्या वेळेच्या किती मागे-पुढे आली. यातला दुसरा आणि तिसरा आकडा तिकिटांच्या डेटात कधीच येत नाही. तिकीट फाटतं चढलेल्या माणसाचं, मागे राहिलेल्याचं नाही. मोजणी एकाच दिवसाची असली तर तसं स्पष्ट लिहा, जास्त दावा करू नका, समोरचा इंजिनिअर पहिल्यांदा तिथेच पकडतो.

पायरी ४: माणसं शोधा आणि टिकवा

प्रतिनिधी म्हणून नेहमीचे यशस्वी चेहरे येतात: निवृत्त अधिकारी, एखादे वकील, ज्यांना दुपारी तीनची बैठक जमते असे. त्यांच्यावर राग नाही, पण दुपारी तीनला ज्याला सुट्टी मिळत नाही त्याच्याच बसबद्दल आपण बोलतोय.

काही नियम अनुभवाने खरे ठरलेत. कुठल्याही गटातून एकच माणूस घेऊ नका, किमान दोन-तीन घ्या, एकटा माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर त्याच्यावर "तुम्ही लोक" म्हणून सगळ्या समाजाचा भार टाकला जातो. बैठकीचा भत्ता द्या, ज्याची रोजंदारी बुडते त्याला "समाजसेवा" म्हणून बोलावणं हा अन्याय आहे, कन्सल्टंट काही फुकट येत नाही. बैठकीची जागा अशी निवडा की तिथे बसने पोचता येतं आणि बैठक संपल्यावर परतीची बस असते, हे इतकं उघड आहे तरी चुकतं. लहान मुलांना सांभाळायची सोय, सांकेतिक भाषेचा दुभाषी, मोठ्या अक्षरातली प्रत, हे ऐनवेळी नाही, बजेटमध्ये आधीच धरा. आणि नवीन सदस्यांना पहिल्या बैठकीआधी दोन तास बसवून फेऱ्या, ताफा, डेपोपर्यंतची रिकामी धाव, प्रति किलोमीटर खर्च, हे शब्द समजावून सांगा. हे न करता बोलावलं तर ते पहिली सहा महिने नुसती मान हलवतात आणि मग यायचेच बंद होतात.

अपंगांच्या बाबतीत तर हा मेहरबानीचा विषयच नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारात कलम ४(३) मध्ये लिहिलंय की त्यांच्याबद्दलचे निर्णय घेताना त्यांच्या प्रतिनिधी संस्थांशी सल्लामसलत करायची. तुमच्या देशाने तो मान्य केला असेल तर पत्रात हे कलम टाका, पत्राचं वजन बदलतं.

संघटनाच नाहीत अशा प्रवाशांचं काय? तिथे चिठ्ठ्या टाकून निवड करायची पद्धत चांगली. प्रवाशांमधून नावं गोळा करायची, वय, बाई-पुरुष, भाग, कामाची पाळी असे गट करायचे आणि प्रत्येक गटातून सोडत. नेत्याच्या ओळखीतला माणूस येण्यापेक्षा कधीही बरं.

पायरी ५: "तुम्हाला काय हवं" असं विचारू नका

असं विचारलं की सगळ्यांना सगळं हवं असतं, यादी दोनशे मुद्द्यांची होते आणि मग "पैसे नाहीत" म्हणून ती कपाटात जाते. विचारायचं ते निवड करायला लावणारं. तेवढ्याच बस आणि तेवढेच ड्रायव्हर असतील तर थोड्या रस्त्यांवर दर दहा मिनिटांनी गाडी हवी आणि थोडं जास्त चालायचं, की प्रत्येक गल्लीजवळ थांबा हवा पण गाडी तासाने एक? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, तरुण नोकरदार पहिलं म्हणेल, गुडघे दुखणारी आजी दुसरं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०१५ च्या ऑगस्टमध्ये अख्खं बस नेटवर्क एका झटक्यात बदललं, पण त्याआधी बोर्डाने उघडपणे ठरवलं होतं की साधारण ८० टक्के सेवा जास्त प्रवासी मिळतील तिथे आणि २० टक्के सेवा प्रवासी कमी असले तरी पोचायलाच हवं अशा ठिकाणी. ते प्रमाण तुम्हाला पटो न पटो, निदान ते जाहीर होतं, त्यावर भांडता येत होतं. बहुतेक ठिकाणी हे प्रमाण असतंच, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही.

हे विचारायला हॉल नको, थांब्यावर जा. मोठा नकाशा, दोन रंगांचे स्टिकर आणि एक माणूस जो ऐकून लिहून घेईल. बस यायला दहा मिनिटं असतात तेवढ्यात लोक फार नेमकं बोलतात. ड्रायव्हर-कंडक्टरशी पण बोला, कुठल्या वळणावर गाडी अडते आणि कुठल्या थांब्यावर रोज माणसं मागे राहतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि त्यांना कुणी विचारत पण नाही.

पायरी ६: मसुदा आला की तपासा, कोणाला मिळालं आणि कोणाचं गेलं

मसुद्यात एकूण आकडा असतो, "सेवा अमुक टक्के वाढणार". तुम्ही तो फोडा. वस्तीनिहाय, उत्पन्ननिहाय, पाळीनिहाय: आधी किती फेऱ्या, आता किती, थांबा आधी किती लांब, आता किती, गाडी बदलावी लागते का आणि बदलली तर दुसरं तिकीट लागतं का. हा शेवटचा मुद्दा नकाशावर दिसतच नाही, पण गरीब माणसाला तोच सगळ्यात जास्त लागतो.

अमेरिकेत संघराज्य परिवहन खात्याच्या २०१२ च्या परिपत्रकात मोठ्या बस संस्थांना सेवेत मोठा बदल किंवा भाडेबदल करण्याआधी अशी तपासणी करायला सांगितलं होतं, त्याचा आधार वंश-वर्णावरून भेदभावाला मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा. नुसता कागदी सोपस्कार म्हणून हसू नका. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रेल्वे संस्थेने ओकलंड विमानतळाच्या जोडमार्गासाठी ही तपासणी नीट केली नव्हती, स्थानिक गटांनी तक्रार केली आणि केंद्राने ७ कोटी डॉलरचा निधी काढून घेतला.

लॉस एंजेलिसची गोष्ट याहून मोठी. १९९४ मध्ये तिथल्या वाहतूक संस्थेने बसचं भाडं वाढवायचं आणि मासिक पास बंद करायचा ठरवलं, त्याच सुमारास रेल्वेमार्गावर मोठा पैसा चालला होता, आणि प्रवासी तर बहुतांश बसचेच. बस प्रवाशांची संघटना कोर्टात गेली. १९९६ मध्ये दहा वर्षांची तडजोड झाली, त्यात पास टिकला, बसमध्ये उभ्या प्रवाशांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणायची ठरली, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे संस्था आणि प्रवासी यांचा संयुक्त गट नेमला गेला. कोर्ट हा रस्ता मात्र सगळीकडे उघडा नसतो आणि तिथेही अरुंद झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालानंतर नुसत्या विषम परिणामाच्या आधारावर (म्हणजे भेदभावाचा हेतू दाखवता येत नाही, पण फटका एकाच गटाला जास्त बसतो एवढ्यावर) खासगी माणसाला असा दावा लावता येत नाही. म्हणून हरकत वेळेत आणि लेखी नोंदवून ठेवा, पुढे कुठेही जायचं झालं तरी तो कागद लागतो.

हरकत लिहिताना पान भरून भावना लिहू नका. कुठला रूट, कुठला थांबा, कुठल्या वेळेची फेरी, तुमची मोजणी काय सांगते, त्याने कोण अडकतं आणि त्याच खर्चात दुसरं काय करता येईल, एवढं एका पानात बसतं. शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवलं तर ते एक हरकत म्हणून मोजतात, त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या फेरीचं लिहिलेलं जड पडतं.

पायरी ७: लेखी उत्तर घेतल्याशिवाय उठू नका

सूचना स्वीकारली की नाकारली यापेक्षा कारण लिहून दिलं का हे महत्त्वाचं. फ्रान्समध्ये चर्चेचा अहवाल आल्यावर प्रकल्पवाल्याला तीन महिन्यांत जाहीर करावं लागतं की प्रकल्प पुढे नेणार का आणि काय बदल करणार. तुमच्याकडे असा नियम नसेल तर बोर्डाकडून एक साधा तक्ता मागा: सूचना, कुणाची (व्यक्तीचं नाव नको, गट पुरे), निर्णय, कारण, जबाबदार विभाग. "सूचनेची नोंद घेतली" हे उत्तर चालणार नाही असं पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. आतल्या अधिकाऱ्यांना सांगतो, हा तक्ता तुमचाही बचाव आहे, वरून फोन आला आणि रूट फिरवायला सांगितला की दाखवायला कारण हातात असतं.

पायरी ८: बदल लागू झाल्यावर

निदान सहा महिने उलटल्यावर पायरी ३ ची मोजणी त्याच थांब्यांवर, त्याच वाराला, शक्यतो त्याच ऋतूत करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोर्डाला द्या. ज्या रूटवर लोक जास्त मागे राहतात किंवा बदली तिकिटाचा खर्च वाढलाय तो पुढच्या टाइमटेबलच्या बदलाआधी अजेंड्यावर टाकायला लावा. टाइमटेबल ठरतं त्याच्या बरंच आधी ड्रायव्हरांच्या ड्युट्या आणि गाड्यांची वाटणी सुरू होते, ती तारीख डेपोत विचारून ठेवा आणि तुमचं पत्र तिच्या आधी पोचेल असं बघा.